पहिली एंड्युरो शर्यत: नवे ब्रेक पॅड आदल्या रात्री बसवू नका
एंड्युरो या माउंटन बाइक सायकलच्या शर्यतीत वेळ मोजतात ती फक्त उताराच्या टप्प्यांवर, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. मागच्या धातूच्या पत्र्यासकट पॅडची जाडी ३ मिमीच्या खाली गेली असेल तर पॅड बदलाच, पण शर्यतीच्या निदान आठवडाभर आधी. कोरा पॅड नीट धरत नाही. त्याच्या मसाल्याचा (घासणाऱ्या भागाचा) पातळ, एकसारखा थर डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, चढावा लागतो. त्यासाठी मध्यम वेगात येऊन चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक दाबा, असं वीसेक वेळा. मग जास्त वेगातून दहा वेळा. पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा घ्या आणि चाक अजिबात लॉक होऊ देऊ नका, नाहीतर थर एकाच जागी साचतो आणि ब्रेक थरथरतो, किंचाळतो. साखळीला तेल देताना स्प्रे टाळा. डिस्कवर उडालेला एक थेंबही पॅड खराब करतो.

टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) असतील तर सीलंट, म्हणजे छोटी भोकं बुजवणारा आतला द्रव, सुकलंय का तेही बघा. २९ इंची रुंद टायरला साधारण १०० मिली लागतं. सोबत एक ट्यूब, प्लग (टायरचं भोक बुजवायची पट्टी), पंप, साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी) आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवा. हँगर अनेक फ्रेमचा निराळा असतो, ऐनवेळी उसना मिळेलच असं नाही.