ड्रॅग रेसिंगच्या इंजिनात कॅम टायमिंग: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ड्रॅग रेसिंगची (सरळ पट्ट्यावरच्या ठराविक अंतराच्या शर्यतीची) इंजिने बांधायला शिकू पाहणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांनी मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा, बहुधा आधीच विकत घेतलेला असतो. तो इंजिनात क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) नेमका किती अंशांवर बसला आहे, हे मात्र मोजलेले नसते. (आरएक्स 100 पळवणाऱ्यांपुढे हा प्रश्न येत नाही, कारण त्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमच नसतो.) सुरुवातीचा काळ या मोजणीलाच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या चार क्षणांपैकी इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह मिटण्याचा क्षण ताकदीवर सर्वाधिक परिणाम करतो. पिस्टन तळापासून वर येऊ लागल्यावरही वेगाने आत शिरणारी हवा स्वतःच्या जडत्वामुळे सिलिंडर भरत राहते. पण हा लाभ जास्त आरपीएमलाच (क्रँकच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो, कमी आरपीएमला पिस्टन तीच हवा परत बाहेर ढकलतो. म्हणून कॅम ॲडव्हान्स केला, म्हणजे क्रँकच्या मानाने पुढे सरकवला, की इनटेक लवकर मिटतो आणि कमी आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, तर रिटार्ड केला, म्हणजे मागे सरकवला, की वरची ताकद वाढते. 402 मीटरच्या शर्यतीत गिअर बदलल्यावर आरपीएम जिथे पडतो तिथपासून पुढच्या बदलापर्यंतचा पट्टाच कामाचा असतो, आणि ताकद त्याच पट्ट्यात आणायची असते.

एक उदाहरण घेऊ. 1 मिमी लिफ्टला (व्हॉल्व्ह तेवढा उचलला असताना) इनटेक टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या टोकाच्या) 12 अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (सर्वांत खालच्या टोकानंतर) 48 अंशांनी मिटतो, असे समजा. कॅम 4 अंश ॲडव्हान्स केल्यास हेच आकडे 16 आणि 44 होतात. एकूण 240 अंशांचा कालावधी तसाच राहतो. एकाच कॅमवर इनटेक आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) दोन्हींचे लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे फुगवटे, असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या 650 ट्विनमध्ये, दोन्ही एकत्रच सरकतात. दोन कॅमच्या इंजिनात ते स्वतंत्रपणे सरकवता येतात.

मोजण्यासाठी क्रँकवर डिग्री डिस्क (अंशांच्या खुणांची तबकडी) आणि व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे यंत्र) लावावा. टीडीसी नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये, कारण त्या टोकाशी पिस्टन कित्येक अंश जवळजवळ हलतच नाही. स्पार्क प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला टोकाआधी अडवणारा खिळा) बसवून क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवावा आणि दोन आकड्यांचा मध्य घ्यावा. त्यानंतरची सर्व वाचने इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवून घ्यावीत, नाहीतर कॅम फिरवणाऱ्या चेनची ढील आकड्यांत शिरते.

कॅम सरकवण्यासाठी त्याच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात सरकवणे हा उपाय नव्हे. कॅमच्या स्प्रॉकेटला 32 दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे 22.5 अंश होतात. त्यामुळे बोल्टची भोके लांबट केलेला स्प्रॉकेट लागतो. 20 मिमी त्रिज्येवरचा बोल्ट 0.35 मिमी सरकला की क्रँकचे 2 अंश बदलतात, यावरून हे काम किती नाजूक आहे ते कळेल. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवण्यासाठी हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) घासले असेल, तर क्रँक व कॅममधले अंतर कमी होऊन कॅम आपोआप थोडा रिटार्ड होतो, आणि ताणलेली जुनी चेनही तेच करते. म्हणजे कुणी हात न लावताही टायमिंग बदललेले असू शकते.

यानंतरची तपासणी कितीही घाई असली तरी टाळू नये. ॲडव्हान्स केल्याने इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, रिटार्ड केल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जवळ येतो. पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसीन ठेवून हेड बसवावे, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि ठसा कापून जाडी मोजावी. इनटेकला सुमारे 2 मिमी आणि एक्झॉस्टला सुमारे 2.5 मिमी अंतर मी सोडतो. एक्झॉस्टला थोडे जास्त, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापतो, आणि जास्त आरपीएमला स्प्रिंग कमी पडली तर मिटताना मागे राहून वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत तोच येतो.

बदल एका वेळी 2 अंशांचाच करावा आणि त्याची परीक्षा बंद धावपट्टीवर घ्यावी. पहिल्या 60 फुटांची वेळ वाढली पण शेवटचा वेग चढला, तर ताकद वर सरकली आहे असे समजावे. अशा वेळी कॅम लगेच परत ॲडव्हान्स करण्याऐवजी मी आधी मागच्या चाकाचा स्प्रॉकेट एका दाताने मोठा करून पाहतो.