मेपलच्या गुऱ्हाळाला निघताना

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेपलच्या झाडाच्या रसाचा गोड पाक कढताना बघायचा असेल, तर कॅलेंडरआधी पारा बघा. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंश, असं हवामान असलं तरच झाडांतून रस वाहतो. त्यामुळे हॉटेल आयत्या वेळी रद्द करता येईल असंच घ्या आणि आदल्या संध्याकाळी शेतावर फोन करून ‘उद्या भट्टी पेटणार का?’ एवढं विचारा. नाहीतर मुलांना झाडाझाडांतून ओढलेल्या प्लास्टिकच्या नळ्या दाखवून परतावं लागतं. मार्चअखेरीच्या ‘ओपन हाउस’ वीकेंडला बरीच शेतं खुली असतात. गर्दी होते, पण पहिल्या खेपेला तेच सोयीचं.

दुसरी गोष्ट चिखल. बर्फ वितळण्याच्या या दिवसांना तिथे ‘मड सीझन’च म्हणतात. प्रत्येकाला गमबूट हवेत, मोज्यांचा जादा जोड हवा, लहानांना जादा पँट, आणि गाडीत अंथरायला जुनी चादर. फोनवरचा नकाशा कच्च्या रस्त्याने जवळची वाट दाखवेल. तिकडे वळू नका, शेतवाल्यालाच रस्ता विचारा. कपडे एकावर एक घाला, कारण बाहेर गारठा आणि भट्टीच्या खोलीत गोड वाफेचा लोट. चष्मेवाल्यांनी फडकं खिशात ठेवावं.

सातारा-कोल्हापूरकडचे आजी-आजोबा सोबत असतील तर वेळ हाताशी ठेवा. काहिलीपाशी ते तासभर हलत नाहीत. साधारण 40 लिटर रस आटवला की 1 लिटर पाक होतो, हे ऐकून उसाचा हिशेब सुरू होतो. मुलांना आधीच सांगा, ताजा रस जवळजवळ पाण्यासारखा लागतो. कडक शाकाहारी असाल तर फेस बसवायला काय घालतात ते विचारा: पूर्वी डुकराची चरबी वापरत, आता बहुधा वनस्पती तेल, कुठे लोणी.

बर्फावर ओतलेला गरम पाक डोनट आणि आंबट काकडीच्या लोणच्यासोबत देतात. आम्ही आपलं लिंबाचं लोणचं नेतो, जास्त जमतं. ओले टिश्यू, थर्मासात चहा आणि थोडी रोकड विसरू नका.

विकत घेताना शिऱ्यासाठी गडद पाक घ्या, फिका पॅनकेकला. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा. कुणी भारतात जाणार असेल तर पत्र्याचा डबा बरा, आणि तो चेक-इन बॅगेतच.