आधी गालिचा घ्या

ड्रम शिकायला आलेला पोरगा पहिल्यांदा विचारतो, "सर, सेट कुठला घेऊ?" मी सांगतो, आधी गालिचा घे. चार बाय पाच फुटांचा, जाड, खालून न घसरणारा.

माझं जॅझचं पहिलं गिग, म्हणजे वाजवायचं काम, एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत होतं. खाली संगमरवर, आरशासारखा. दुसऱ्या गाण्यात किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकायला लागला, दर ठोक्याला बोटभर. मी पाय लांब केला, मग स्टूल पुढे ओढलं, मग हाय-हॅट (पायाने मिटणारी थाळ्यांची जोडी) ओढली. पियानोवाला एका पायाने पेडल सांभाळायचा आणि दुसऱ्या पायाने माझा ड्रम मागे रेटायचा. चौथ्या गाण्यापर्यंत मी गायिकेच्या बरोबरीला पोचलो होतो. ब्रेकमध्ये आमचे बासवाले अंकल (म्हापशाकडचे, वय तेव्हाच साठीच्या पुढे) सिगरेट पेटवत म्हणाले, "पुता, मिरवणूक काढली काय रे तू?"

ते बरोबरच बोलले. मी मिरवणुकीतूनच आलेलो. गिरगावची चाळ, गणपतीत बेंजो पार्टीत ताशा, पुढे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, आणि हळदीच्या रात्री पहाटेपर्यंत तेच ते ठेके. हात तयार होता, दमसास होता. जो जोरात वाजवतो तो चांगला, असं माझं मत होतं. त्या लॉबीत हे मत मोडायला सुरुवात झाली आणि ते पुरतं मोडायला तीन वर्षं लागली.

जॅझ वाजवणाऱ्या ड्रमरचं पोट ज्यावर चालतं ती गोष्ट यूट्यूबवर दिसत नाही. ती म्हणजे हळू वाजवणं. हळू म्हणजे संथ नव्हे. लय तीच, जोरही तोच वाटला पाहिजे, फक्त आवाज कमी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वेटरशी बोलताना मान वाकवावी लागता कामा नये. मॅनेजर "थोडं हळू" सांगायला आला, तर तो गिटारवाल्याकडे जात नाही, गायिकेकडेही जात नाही. गिटारचा ॲम्प्लिफायर कितीही बोंबलत असो, तो सरळ ड्रमरकडे येतो. मी यावर भांडणं सोडून दिलं आहे. तो यायच्या आत काठ्या ठेवून ब्रश (तारांची कुंचल्यासारखी काठी) काढतो.

ब्रशची गंमत अशी की तो वाजवायचा कमी आणि घासायचा जास्त. डावा हात स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) गोल फिरत राहतो, उजवा ठेका टिपतो. त्यासाठी स्नेअरचं कातडं पांढरं, खरखरीत लेप असलेलं लागतं. मी पहिल्या वर्षी नवं कोरं पारदर्शक, गुळगुळीत कातडं चढवून गेलो होतो. बॅलड, म्हणजे संथ गाणं, सुरू झालं, मी डोळे मिटून ब्रश फिरवतोय, आणि आवाजच नाही! काचेवर मोरपीस फिरवावं तसं. अंकलनी चालू गाण्यात डोकावून बघितलं, ड्रमर आहे की गेला.

लयीचं सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांची गाडी इथेच अडते. आपल्याला समेची सवय. टाळी पहिल्या मात्रेला पडते, मान तिथे हलते, तबलजी सगळं तिथे आणून सोडतो. जॅझमध्ये चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटते, चुटक्याही तिथेच वाजतात. मेट्रोनोम (लय मोजणारं टिकटिक यंत्र) निम्म्या गतीवर लावा आणि त्याचा प्रत्येक टिकटिकाट "दोन" आणि "चार" समजून वाजवा. पहिले आठ दिवस तुम्ही न कळत उलटे व्हाल, तो टिकटिकाट "एक-तीन" होऊन बसेल. माझा महिनाभर होत होता. चर्नी रोड ते अंधेरी लोकलच्या दारात उभा राहून मांडीवर हेच करायचो, लोक जरा लांब उभे राहायचे.

ठेका कशावर धरायचा, हेही काळानुसार बदलत गेलं. आधी तो किक ड्रमवर असायचा. काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्स या ड्रमरने त्याचा भार हाय-हॅटवर आणला, आणि १९४०च्या आसपास केनी क्लार्क या ड्रमरने तो राइड सिंबलवर (उजव्या बाजूच्या मोठ्या थाळीवर) नेला. हात-पाय मोकळे झाले, म्हणून पुढचं सगळं संगीत शक्य झालं. पण किक सुटली असं समजू नका. जुने लोक ती चारही मात्रांना वाजवतात, इतकी हलकी की ऐकू येऊ नये, फक्त बासचा स्वर जाड वाटावा. अंकल मला थांबवून सांगायचे, "किक मला ऐकू येता कामा नये, आणि बंद केलीस तर कळलं पाहिजे." हे वाक्य समजायला सोपं आहे. पायाला समजायला दोन वर्षं.

बाकी बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. बत्तीस बारचं गाणं किंवा बारा बारचे ब्लूज म्हणजे आवर्तन (बार म्हणजे मात्रांचा एक गट, बहुधा चार मात्रांचा). सोलोवाला वाट्टेल तिथे फिरून येवो, आवर्तन आपल्या डोक्यात चालू पाहिजे, म्हणून मी मनात मूळ चाल गात असतो. "फोर्स" म्हणजे चार-चार बार आळीपाळीने, आपला सवाल-जवाबच. तबल्याच्या साथीला बसलेल्या मुलाला हे चटकन कळतं, रॉकमधून आलेल्याला वेळ लागतो.

मात्र आपलं ज्ञान आपल्याला खड्ड्यातही घालतं. एका लग्नाच्या कॉकटेलमध्ये मुलीच्या मामांनी "टेक फाइव्ह"ची फर्माईश केली. ही फर्माईश तुम्हाला दर तिसऱ्या गिगला येणार, तयारीत राहा. पाच मात्रा! मी मनात म्हटलं, हा तर अर्धा झपताल. धी ना, धी धी ना. आणि बसलो ठोकत. पाच मात्रा बरोबरच होत्या, पण झपतालाचा तुकडा दोन-तीन असा पडतो आणि हे गाणं तीन-दोन चालतं. पियानोचा जोर चौथ्या मात्रेला, माझा तिसऱ्याला. दोन आवर्तनं आम्ही एकमेकांच्या पायावर पाय देत होतो. पियानोवाला माझ्याकडे बघून ओठांनी मोजायला लागला, मी चिडून आणखी जोरात. मामा खूश होते, त्यांना वाटलं हेच ते जॅझ.

ते गाणं १९५९ साली पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या संचाने ध्वनिमुद्रित केलं, त्याच्या आदल्याच वर्षी तो संच भारतात येऊन गेला होता. चाल पॉल डेस्मंड या सॅक्सोफोनवाल्याची. त्याने मृत्यूनंतरची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकली. मामांच्या फर्माइशीतून कुणाचं तरी भलं होतं म्हणायचं.

आता माणसांबद्दल. गायकांना ड्रमर नावं ठेवतात, मी ठेवत नाही. गायिका जेव्हा चुटकी वाजवून लय देते तेव्हा तिच्या चुटकीकडे बघू नका, ओठांकडे बघा. चुटकी घाबरलेली असते. तिला शब्द किती वेगात म्हणायचे आहेत ते ओठ सांगतात, तीच खरी लय. पियानोवाल्यांशी माझं सहसा जुळतं. सॅक्सोफोनवाल्यांचं मात्र एक दुखणं आहे, सोलो संपवता न येणं. एकाने बारा आवर्तनं घेतली. आठव्या आवर्तनाला बासवाले अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवून येऊ काय?" असा माणूस अहंकारीच असतो असं नाही. पुष्कळदा त्याला बाहेर पडायचं दार सापडत नसतं. तिथे ड्रमरने दार उघडून द्यायचं असतं: आवाज हळूहळू चढवत न्या, आवर्तनाच्या शेवटी एक ठसठशीत भरणी (ड्रमचा छोटा तुकडा) घ्या आणि एकदम खाली या. नव्वद टक्के लोक त्या दाराने बाहेर पडतात.

धाक घालणारे म्होरके भेटतील. पुढे मोठा सॅक्सोफोनवाला झालेला चार्ली पार्कर पंधरा-सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीत एका जॅम सेशनमध्ये चुकला, तेव्हा जो जोन्सने सिंबल काढून जमिनीवर टाकली, हा किस्सा तुम्हाला शंभर वेळा ऐकवला जाईल. ड्रमर बडी रिच आपल्या बँडच्या बसमध्ये पोरांवर कसा खेकसायचा, त्याच्या तर चोरून केलेल्या टेप आहेत. पोरं त्या ऐकतात आणि त्यांना वाटतं की मोठं व्हायचं तर अपमान सोसावा लागतो. मी अशा एकाच्या हाताखाली दोन वर्षं काढली. तो स्टेजवर, माइक चालू असताना, मला बोलायचा. माझं वाजवणं त्या दोन वर्षांत सुधारलं नाही, फक्त मी कमी वाजवायला लागलो, भीतीने. ते कमी आणि अंकलनी शिकवलेलं कमी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

आणखी एक. "जॅझ आपलं नाही" असं घरचे म्हणतील, तेव्हा वाद घालू नका, त्यांना "अलबेला" या चित्रपटाची गाणी लावून द्या. ताजमध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड १९३५ साली आला. त्या काळापासून मुंबईच्या हॉटेलांतून गोवेकर वादक हे संगीत वाजवत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली असायची. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो शावियेर वाझ, हा ट्रम्पेटवाला आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा, आणि १९५१च्या त्या गाण्यांतला पितळी आवाज आपल्या आजोबांना तोंडपाठ होता. ड्रमरांपुरतं बोलायचं तर त्रिलोक गुर्टू हा शोभाताई गुर्टूंचा मुलगा आणि रणजित बारोट हा सितारादेवींचा. दोघेही पुढे जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर वाजवले. ठुमरी आणि कथक ज्या घरांत, तिथून ड्रमर निघाले, हे मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही.

पैशांचं थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कमवा, पावसाळ्यात ते पुरवा. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, युनेस्कोने २०११ साली जाहीर केलेला. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक जॅझवाल्याला काम असतं आणि १ मेला पुन्हा सगळे मोकळे. बारमधलं ठरलेलं काम घेताना ड्राय डेचं आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी गिग नसतं आणि पैसेही नसतात. कंपनीचं काम असेल तर दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात, तेही महिना-दोन महिन्यांनी. पॅन नंबर बिलावर घाला आणि विवरणपत्र भरा, म्हणजे कापलेलं परत मागता येतं. मी पहिली पाच वर्षं भरलं नाही. त्या रकमेत एक चांगली राइड सिंबल आली असती. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, म्हणून शेवटचं जोरकस गाणं पावणेदहाला घ्या, दहा वाजता पोलिसांसमोर नको.

आणि सब म्हणून जायला लाजू नका. दुसऱ्याच्या जागी एका रात्रीपुरतं जाणं हीच खरी परीक्षा: तालीम नाही, सूची हातात पडते स्टेजवर, कुणाची ओळख नाही. त्या रात्री एकही सोलो मागू नका. मला आज जी नियमित कामं आहेत, त्यांतली बहुतेक अशाच एखाद्या रात्रीनंतर आलेल्या फोनची आहेत. "काल तू होतास ना? काही त्रास झाला नाही." आमच्या धंद्यात याला कौतुक म्हणतात.

गालिच्याचं राहिलं. मोठ्या हॉटेलात वादक मागच्या दाराने जातात, स्टाफ गेटने. तिथे सुरक्षारक्षक सामानाची यादी करतो. माझ्या यादीत एकदा लिहिलं होतं: "ढोल ५ नग, थाळ्या ४ नग." ३१ डिसेंबरची रात्र होती. गायिका पर्स घेऊन गेली, सॅक्सोफोनवाला पेटी घेऊन गेला. ड्रमर आणि डबल बासवाला नेहमी शेवटी. अडीच वाजता आम्ही गेटवर पोचलो. ढोल मोजले, थाळ्या मोजल्या. गालिचा यादीत नव्हता. रक्षक म्हणाला, "हा हॉटेलचा आहे."

मी पावती कुठून आणणार? माझा आवाज चढायला लागला. अंकलनी मला बाजूला केलं आणि गालिचा तिथेच, गेटच्या दिव्याखाली उलगडला. त्यावर माझ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या, प्रत्येक स्टँडचा पाय कुठे येतो त्याच्या. "लाव," ते म्हणाले. मी किक ठेवली, हाय-हॅट ठेवली, स्नेअरचे तीन पाय तीन खुणांवर बरोबर बसले. रक्षक वाकून बघत होता. पटलं त्याला. यादीत त्याने "चटई १ नग" असं वाढवलं, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, "लावलंच आहे तर वाजवा की जरा."

अंकल कव्हरमधून बास काढायलाच लागले होते. म्हणाले, "ब्रश घे. लोक झोपलेत."