मृग लागायच्या आत

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर धोका, हे कोल्हापूरच्या शाहूपुरीत पोराटोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर कॉम्प्युटर आधी माळ्यावर चढवायचा, हेही आपण शिकलो. माझी फाईल मात्र पाण्याने गेली नाही. मे महिन्यातल्या वळवात, स्मरणिका सेव्ह होत असतानाच लाईट गेली आणि अशा वेळी बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणाऱ्या यूपीएसनेही मान टाकली. पेनड्राईव्हवर कॉपी होती, पण ती उघडून कधी बघितलीच नव्हती. तीही खराब निघाली.

म्हणून पावसाआधी फाईलींचा बॅकअप, म्हणजे जादा प्रती, काढून तपासायच्या. त्यात पहिलं काम यूपीएसचं. सगळं काम सेव्ह करून, फाईली बंद करून भिंतीतला प्लग काढा. कॉम्प्युटर नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळाली नाहीत तर बॅटरी बदला.

मग जमवाजमव. डीटीपीवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांनी, नुसत्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाईली घेऊन भागत नाही, फॉन्टही घ्या. जुन्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की नवरदेवाच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. छपाईला गेलेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट आत घातलेली पीडीएफ ठेवा. दुरुस्ती होणार नाही, पण मजकूर तरी वाचता येईल. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि पासवर्ड वहीत लिहा. ती वही कॉम्प्युटरखाली ठेवू नका!

प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा हिशोब आपल्यालाही चालतो. गूगल ड्राईव्हला फोल्डर जोडला म्हणजे झालं, असं समजू नका. इथे बिघडलेली फाईल तिकडेही बिघडलेलीच चढते. जुनी आवृत्ती साधारण 30 दिवस मिळते, म्हणजे चूक महिन्याच्या आत लक्षात यायला हवी. पेनड्राईव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. कॉपी झाल्यासारखी दिसते तेव्हाही शेवटचा तुकडा लिहायचा राहिलेला असू शकतो.

आता खरं काम, जे मी केलं नव्हतं. बॅकअपची डिस्क दुसऱ्याच मशीनला लावा. सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि कालची अशा फाईली उघडा, शेवटच्या पानापर्यंत जा, एक पान छापून बघा. फाईलचं नाव आणि आकार बरोबर दिसला म्हणून आतलं शाबूत असतंच असं नाही. अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक थांबलं तर चहा पाजा.

एवढं करूनही फाईल उघडलीच नाही, तर त्या डिस्कवर नवीन काही सेव्ह करू नका आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर तिथेच टाकू नका. बिघडलेल्या फाईलचीही आधी कॉपी काढा आणि प्रयोग त्या कॉपीवर करा. कोरलवाल्यांनी त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' नावाने सुरू होणारी फाईल आहे का, ते शोधावं. कधी कधी तेवढ्यावर काम निभावतं.

बाहेरची प्रत नदीपलीकडे ठेवली तर पुरात रस्ते बंद होतात, हे ध्यानात घेऊन जागा निवडा. माझी डिस्क जूनच्या पहिल्या आठवड्यात गारगोटीला ताईकडे जाते आणि दिवाळीला भाऊबीजेबरोबर परत येते. तिला एवढंच बजावलंय, भाच्यांना त्यात सिनेमे भरू देऊ नको.