आधी सँडल आणा, मग कापड: स्टेजवरचा गाऊन घरी शिवताना

गाऊन शिवायचा म्हणून कोणी आलं की मी कापडाला हातच लावत नाही. आधी विचारते, "सँडल आणलीय काय ओ?" निम्म्या जणी नुसत्या बघत राहतात. गाऊनच्या मापात सँडल कुठून आली? ती कुठून आली हे मला माझ्या भाचीनं शिकवलं, आणि तेही भर स्टेजवर.

मी बेळगावातल्या शहापूरची. पुढच्या खोलीत मशीन, मागं स्वयंपाकघर. जन्म ब्लाऊज, परकर आणि फॉल-पिकोत गेला. वडील वडगावला मागावर होते, त्यामुळं कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे बाराखडीच्या आधी कळलं. घरी मराठी, गिऱ्हाईक निम्मं कन्नड. "हात वर कर गं" आणि "अक्का, स्वल्प लूज माडी" (ताई, जरा सैल करा) हे एका दमात ऐकायची सवय आहे. गाऊनचं काम अलीकडचं. कॉलेजात सौंदर्यस्पर्धा व्हायला लागल्या, मग पोरी हुबळीला, बेंगळुरूला जायला लागल्या, आणि भाड्याच्या गाऊनचे दर ऐकून त्यांच्या आया माझ्या दारात यायला लागल्या.

भाड्याचा गाऊन पाहिजेच असं काही नाही. सुष्मिता सेननं 1994 साली मिस इंडियाला घातलेल्या गाऊनचं कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं होतं, शिवला होता परकर शिवणाऱ्या टेलरनं, आणि हातमोजे केले होते नवे पायमोजे कापून. हे तिनंच मुलाखतीत सांगितलंय. त्याच वर्षी मनिलात ती मिस युनिव्हर्स झाली, भारताची पहिली. परकर शिवणारा म्हटल्यावर मी ताठ झाले. म्हणजे आपल्यातलाच की!

आता भाचीचं ऐका. तिचा पहिला गाऊन मी शिवला तेव्हा माप घेतलं घरातल्या चपलेवर आणि वर चार इंच धरले. ती म्हणाली होती, चार इंची हील घेणार. आदल्या दिवशी गणपत गल्लीतून आणली अडीच इंची, तीत पाय दुखत नाही म्हणून. दीड इंच कापड जमिनीवर. स्टेजवर जाड गालिचा, तिसऱ्या पावलाला पाय घेरावर पडला आणि कमरेची शिवण चर्रकन उसवली. आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. पोरगी पडली नाही, हात कमरेवर ठेवून तशीच चालत गेली. परीक्षकांना वाटलं, स्टाईल आहे.

हे मोठमोठ्यांचंही होतं. मिस युनिव्हर्सचंच बघा: 2007 ला मेक्सिको सिटीत मिस यूएसए रेचल स्मिथ गाऊनच्या फेरीत पडली, 2008 ला व्हिएतनाममध्ये पुढची मिस यूएसए क्रिस्टल स्टुअर्ट त्याच फेरीत पडली. क्रिस्टल टाळ्या वाजवत उठली आणि चालायला लागली. 2025 च्या नोव्हेंबरात थायलंडमध्ये मिस जमैका गॅब्रिएल हेन्री गाऊनच्या फेरीत चालता चालता स्टेजच्या कडेवरून खाली गेली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा घेराचं माप ही हौसेची गोष्ट नाही.

म्हणून पहिलं काम हे. जी सँडल स्टेजवर घालणार तीच घालून पोरीला उभी करा, आत जे घालणार तेही तेच असू दे. कमरेला नाडी बांधा. त्या नाडीपासून जमिनीपर्यंत टेप चार ठिकाणी लावा: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. चारी आकडे वेगळे येतात, घाबरू नका. पुढच्या मापातून एक इंच वजा करा. बाजूला अर्धा. मागचं जमिनीला टेकलं तरी चालतं. आणि घेर आत दुमडताना तीन इंच कापड शिल्लक ठेवा. सँडल बदलणार नाही अशी शपथ पोरी घेतात, त्या शपथेवर कापड कापू नका.

दुसरं काम, चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटावर वरचा भाग कापून बघा. कच्च्या टिपा मारून अंगावर चढवा. इथं पैसे वाचवणारी पुढं अस्तरासकट सगळं उसवत बसते.

कापडाविषयी जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडं सगळ्यांना एकच पाहिजे असतं: इरकल साडीचा गाऊन, खाली गोल घेर, आणि घेराला काठ. होत नाही ओ. काठ सरळ विणलेला असतो, गोल घेराला तो वळत नाही. ओढून वळवला तर दर चार बोटांवर चुण्या पडतात आणि लांबून गाऊन मुका मार बसल्यासारखा दिसतो. काठ खालीच पाहिजे असेल तर कळ्या (घेरासाठी तिरके कापलेले तुकडे) विसरा. कमरेला प्लेट्स घाला, खालचा भाग सरळ राहू द्या, डाव्या बाजूला एक कट द्या. कळीदार घेर पाहिजे असेल तर काठ उसवून घ्या आणि तो खांद्यापासून कमरेवरून तिरका खाली सोडा, नाहीतर पट्टा करा. मला तिरका आवडतो. उंची जास्त दिसते.

इरकलीच्या पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला धाग्यांत धागे अडकवून जोडतात आणि मग विणतात. त्या सांध्यावर कात्री नको. लावायचीच वेळ आली तर आधी दोन्ही बाजूंनी मशीनची दुहेरी टीप मारा, मग कापा. लाल पदरावरची ती पांढरी देवळांची शिखरं पाठीवर आली की वेगळं भरतकाम लागत नाही. गुळेदगुड्डचा खण घेणार असाल तर पन्हा लहान असतो हे ध्यानात ठेवा, त्यात वरचा भाग छान होतो, पूर्ण गाऊन सांधेच सांधे होऊन बसतो.

अस्तर दोन तऱ्हेचं. वर सुती, कारण दिव्याखाली घाम येतो. कमरेच्या खाली क्रेप. खालीही सुती लावलंत तर ते वरच्या सुती कापडाला आणि पायाला चिकटतं, आणि पोरगी चालताना पाणंदीतल्या चिखलातून चालल्यासारखी पाय उचलते. पुढच्या घेराच्या आत चार बोटं रुंद ताठ जाळीची पट्टी लावा. त्यानं कापड पायाच्या बोटांपासून लांब राहतं. कट गुडघ्याच्या वर चार इंचांपर्यंत पुरे. त्याच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवून टीप फिरवा, नाहीतर तो कट स्वतःच वर सरकत जातो आणि आईचं तोंड बघण्यासारखं होतं.

वरच्या भागाला प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सच्या जागी वरून कमरेपर्यंत उभ्या शिवणी. बिनबाह्यांचा असेल तर आत बोन (ताठ पट्ट्या) घाला आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतून कमरेला एक घट्ट पट्टा शिवा, पुढं दोन हूक. गाऊनचं सगळं वजन त्या पट्ट्यावर बसलं पाहिजे, छातीवर नाही. ज्या पोरी स्टेजवर दर मिनिटाला गाऊन वर ओढतात त्यांच्या गाऊनला हा पट्टा नसतो. चेन पाठीत, तिच्यावर मेणबत्ती घासा, वर हूक लावा.

अंगकाठीवरून नाक मुरडणाऱ्या शेजारणींचं ऐकू नका. 2023 ला एल साल्वादोर देशात नेपाळची जेन दीपिका गॅरेट भरल्या अंगानं मिस युनिव्हर्सच्या पहिल्या वीसांत गेली. त्याच वर्षापासून लग्न झालेल्या आणि लेकरं असलेल्या बायकांना तिथं उतरता येतं, आणि 2024 पासून वयाची वरची अटही काढली. हे ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, मग तूच उभी रहा की. म्हटलं, माझा गाऊन कोण शिवणार?

आता परीक्षा. गाऊन झाला की आरशासमोर उभी करून वाहवा करायची नाही. चेन लावायची आणि बोलायला लावायचं. मी खाली बसून तोंडात टाचण्या धरून घेर नीट करते आणि तशीच प्रश्न विचारते. माझे शब्द निम्मे टाचण्यांतच अडकतात, पण पोरीनं अर्धा मिनिट न थांबता उत्तर द्यायचं. वाक्याच्या शेवटी आवाज बारीक झाला तर वरचा भाग घट्ट आहे, काखेखालच्या शिवणीतून दोन्हीकडं पाव-पाव इंच सोडा. या स्पर्धांत शेवटी तोंडच उपयोगाला येतं, आणि बरगड्या आवळलेल्या पोरीला चांगलं उत्तर माहीत असून देता येत नाही. उत्तर मराठीत का कन्नडमध्ये का इंग्रजीत, हा आमच्या पोरींचा कायमचा घोळ. मिस युनिव्हर्सला दुभाषी घेऊन आपापल्या भाषेत उत्तर देतात, त्यात कमीपणा नाही. इथल्या स्पर्धेत काय चालतं ते आधी विचारून ठेवा.

एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारतेच: तू घातलंयस ते कापड काय आहे, कुणी विणलं, कुठं? 1994 च्या त्या मिस इंडियाला सुष्मिता आणि ऐश्वर्याचे गुण सारखे झाले तेव्हा सुष्मिताला विचारलं होतं ते भारताच्या वस्त्रपरंपरेविषयीच. ती म्हणाली, सुरुवात गांधीजींच्या खादीपासून झाली. जिंकली, छानच झालं. पण हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते मागावरून न उठताच म्हणाले, "त्याच्या आधी लोक काय उघडे फिरत होते?" तेव्हा आमच्या पोरींना निदान मागाचा खड्डा दाखवून आणा. वडगावात, खासबागेत अजून विणकर आहेत, कुणी नाही म्हणत नाही. 2025 ला मिस वर्ल्ड हैदराबादला झाली तेव्हा काही स्पर्धक पोरींना पोचमपल्लीला नेऊन माग दाखवले होते. परदेशातल्या पोरी बघून गेल्या, आणि आमचीला शहापुरातून वडगावला जायला रिक्षा पाहिजे.

चालण्याची परीक्षा जिन्यावर घ्या. तीन पायऱ्या वर, तीन खाली, हात न लावता. खाली उतरताना पाऊल टाकायच्या आधी टाचेनं नाही, बोटांनी घेर किंचित पुढं ढकलायचा, मग पाय. आठ दिवस हे दररोज अर्धा तास. गालिच्यावर, फरशीवर, आणि पावसाळ्यात गेलात तर ओल्या पायांनीही.

सॅशविषयी, म्हणजे खांद्यावरून तिरका घालायच्या नावाच्या पट्ट्याविषयी, कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ती कुठल्या खांद्यावरून येणार ते संयोजकांना विचारा आणि तो खांदा साधा ठेवा. मणी, टिकल्या असल्या की सॅशची साटीन अडकते आणि धागे निघतात. कमरेला ती पिननं लावायची असते, तिथं आत अस्तराचा जाड तुकडा घाला, जाळीवर पिन मारली की फाटलीच.

सॅशवर काय लिहिलेलं असेल यावरही घरात वाद होतात. आमच्या पोरीच्या छातीवर "कर्नाटक" आलं तेव्हा तिचा काका जेवायचा थांबला. मी त्याला सिनी शेट्टीचं सांगितलं. पोरगी जन्मली मुंबईत, मूळ उडुपीकडचं, कर्नाटकाच्या सॅशवर 2022 ची मिस इंडिया झाली आणि 2024 ला मुंबईतच मिस वर्ल्डच्या स्टेजवर उभी राहिली. काका जेवला. पटलं म्हणून का भात गार होतोय म्हणून, ते विचारलं नाही.

बेंगळुरूला जाताना गाऊन बॅगेत घड्या घालून कोंबू नका. उलटा करा, जुन्या सुती साडीत सैल गुंडाळा आणि वळकटीसारखा मांडीवर घ्या. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये वरचा बर्थ मिळाला तर तो गाऊनचा, पोरगी खालच्यावर. बरोबर एक डबा: गाऊनच्या रंगाचा दोरा ओवलेल्या दोन सुया, एक काळ्या दोऱ्याची, एक पांढऱ्या दोऱ्याची, डझनभर सेफ्टी पिना, जादा हूक, दोन्हीकडं चिकटणारी टेप, मेणबत्तीचा तुकडा, कात्री. सुया आधीच ओवून न्या. आयत्या वेळी हात कापतात, पोरीचे नाही, आईचे.

परत आल्यावर लगेच धुवायला टाकू नका. सावलीत उलटा टांगा, गळ्याला लागलेल्या मेकअपवर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झाडा. भाचीच्या त्या उसवलेल्या गाऊनचे मी नंतर सगळे धागे काढले. काठ दुसरीच्या गाऊनला लागला, पदराचा भाग वहिनीनं उशीला घेतला, आणि ती अडीच इंची सँडल माझ्या मशीनखाली आहे. नवी कोणी माप द्यायला आली आणि सँडल विसरली की मी तीच पुढं करते.