जोडलेल्या मजकुराच्या ओळी करताना

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका टेबलात प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ होती. वस्तूंचे कोड एका रकान्यात 'क१,क२,क३' असे, तर त्यांचे नग शेजारच्या रकान्यात '४,,६' असे स्वल्पविरामांनी जोडून ठेवलेले होते. हे दोन्ही रकाने फोडून प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ करायची होती. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून त्यासाठी 'स्ट्रिंग_स्प्लिट' हे मजकूर तोडून प्रत्येक तुकड्याची ओळ देणारे फंक्शन आहे (कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेस कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागतो ती पातळी, मात्र किमान १३० लागते), म्हणून टेबलाच्या प्रत्येक ओळीवर ते फंक्शन चालवणारे 'क्रॉस अप्लाय' लावून मी छोटीशी क्वेरी लिहिली आणि काम झाले असे समजलो.

रिकामे तुकडे मला कचरा वाटले, म्हणून मी ते गाळले आणि उरलेल्या तुकड्यांना 'रो_नंबर'ने क्रमांक देऊन दोन्ही याद्या जुळवल्या. परिणामी क३ चे ६ नग क२ च्या नावावर गेले. चाचणीच्या डेटात एकही रिकामी जागा नसल्यामुळे हे कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे रिकामे तुकडे ठेवले, तेव्हा रिकाम्या स्ट्रिंगचे (मजकुराचे) पूर्णांकात रूपांतर करताना एसक्यूएल सर्व्हर कोणतीही तक्रार न करता ० देतो, हे कळले. नोंद नसणे आणि शून्य नग असणे या वेगळ्या गोष्टी असल्याने आधी रिकाम्या तुकड्याचे नल (म्हणजे 'नोंद नाही') करणारे 'नलइफ' लावावे लागले.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण 'स्ट्रिंग_स्प्लिट' तुकडे मूळ क्रमानेच देईल अशी हमी नसते, आणि बहुतेक वेळा ते तसेच येत असल्यामुळे नवख्या माणसाचा सहज विश्वास बसतो. २०२२ च्या आवृत्तीत या फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट (कंसात द्यायचे मूल्य) १ दिला की 'ऑर्डिनल' हा क्रमांकाचा रकाना मिळतो. पोस्टग्रेस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये यादीच्या ओळी करणाऱ्या 'अननेस्ट'बरोबर 'विथ ऑर्डिनॅलिटी' लिहून तेच साधते.

मूळ रकाना नल असेल, तर 'क्रॉस अप्लाय' ती ऑर्डरच निकालातून वगळते. तेथे तुकडे नसले तरी ऑर्डर ठेवणारे 'आउटर अप्लाय' हवे.

आता मी फोडण्याआधीच दोन्ही रकान्यांतील स्वल्पविराम मोजतो: मूळ लांबीतून, 'रिप्लेस'ने स्वल्पविराम काढल्यानंतरची लांबी वजा करतो. ज्या ऑर्डरमध्ये हे आकडे जुळत नाहीत, ती न फोडता नोंद करणाऱ्याकडे परत पाठवतो.