क्रॉप बॉडीवर लाल रिंगची लेन्स लावण्याआधी

कॅमेऱ्याबरोबरच येणाऱ्या साध्या किट लेन्सला वैतागलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘घ्यायची तर एकदाच चांगली घे. २४-७० घे.’ म्हणजे २४ ते ७० मिलिमीटर झूमची, कॅननची लाल रिंगवाली महागडी लेन्स. मी ज्या सरांच्या हाताखाली लग्नं शूट करायचो, त्यांनी मलाही तोच दिला, आणि अगदी मनापासून दिला. पण त्यांच्या गळ्यात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा होता आणि माझ्या गळ्यात कॅननची लहान सेन्सरवाली क्रॉप बॉडी. त्या एका फरकाविषयी आमच्यात कधी बोलणंच झालं नाही.

पैसे नेमके इथेच अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. कॅननच्या क्रॉप बॉडीवर दृश्य १.६ पट आवळलं जातं. निकॉन, सोनी, फुजीवर १.५ पट. म्हणजे कॅननच्या क्रॉपवर २४-७० फुल फ्रेमवरच्या ३८-११२ सारखं दाखवते. वाइड, म्हणजे रुंद दृश्य, गेलं. नुसत्या आकड्यांवरून हे अंगावर येत नाही, तेव्हा मंगल कार्यालयात उभे राहून बघा. नवरा-नवरीबरोबर स्टेजवर दहा-बारा पाहुणे आले की रांग सहज पाच मीटरची होते. कॅननचा क्रॉप सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद असतो. त्या हिशेबानं २४ वर ही रांग बसवायला जवळजवळ साडेपाच मीटर मागं सरकावं लागतं, १७ वर पावणेचार ते चार मीटर पुरतात. त्या दीड मीटरात सोफा असतो, व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड असतो, नाहीतर स्टेज तिथेच संपतं. अंतरपाट दूर होतो तेव्हा तर तुमच्या पाठीला मामा आणि करवल्या टेकलेल्या असतात. पाऊलभरही मागं जाता येत नाही. मी २४ वर होतो, आणि दोघं एकमेकांना हार घालत असताना एकाचा हात कायम फ्रेमबाहेर राहत होता. तो क्षण गुरुजी पुन्हा घेत नाहीत.

इथेच आणखी एक गैरसमज भेटतो: ‘ईएफ-एस लेन्स क्रॉपसाठीच बनवलेली, म्हणजे तिच्यावरचे आकडे आधीच गुणलेले असणार.’ नाही. लेन्सवर खरी फोकल लेंथच (तो मिलिमीटरचा आकडा) लिहिलेली असते. १७-५५ सुद्धा साधारण २७-८८ सारखंच दाखवते. फरक एवढाच, की तिची सुरुवातच वाइडपासून होते.

म्हणून माझं ठाम मत आहे, क्रॉपवर लग्नाचं काम करायचं तर कॅननची ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ किंवा सिग्माची १७-५० एफ/२.८ बघा (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). लाल रिंग नाही म्हणून त्या कमी प्रतीच्या ठरत नाहीत. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’ म्हणून आज चुकीची काच उचलू नका. २०१८ मध्ये कॅननने आरएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी जोडणी आणली, आणि नव्या बॉडीवर फुल फ्रेमच्या जुन्या ईएफ लेन्सलाही अडॅप्टर लागायला लागला. पुढचं पुढे. या सीझनची लग्नं आजच्या बॉडीवरच शूट व्हायची आहेत.

किट लेन्स टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दिवसा, उघड्यावर, एफ/८ वर १८-५५ नं काढलेला फोटो अल्बममध्ये छापला तर पाहुण्यांना काय, तुम्हालाही ओळखू येणार नाही. ती हरते रात्रीच्या हळदीला. ५५ वर ती एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/२.८ वर चौपट उजेड आत येतो, म्हणजे त्याच शटर स्पीडला ६४०० आयएसओऐवजी (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर भागतं. जादा पैसे मोजायचे ते या दोन स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). शार्पनेसचे व्हिडिओ बघून भिंतीवरच्या विटा मोजत बसायचं वय तुमचं नाही.

खिसा अगदीच रिकामा असेल तरी घाबरू नका. ५० एफ/१.८ घ्या, कॅननच्या क्रॉपवर ती ८० सारखी वागते, नवरीच्या एकटीच्या फोटोंना सुंदर. ग्रुपला तिचा उपयोग शून्य. निकॉनवाल्यांनी डीएक्स (निकॉनची क्रॉपसाठीची) ३५ एफ/१.८ बघावी, पण सावध: डी३५००, डी५६०० अशा बॉडींत फोकसची मोटर नाही. जुनी ५० एफ/१.८डी स्वस्तात मिळाली तरी त्यांच्यावर ऑटोफोकस होणार नाही.

कुणाचंही ऐकण्याआधी, माझंसुद्धा, लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मागच्या लग्नांचे निवडलेले फोटो फोकल लेंथनुसार गाळून बघा. बहुतेक १८ वर अडकलेले दिसले, तर २४ पासून सुरू होणारी लेन्स तुमच्यासाठी नाही. मग मनात असलेली लेन्स एका लग्नापुरती भाड्यानं आणा. सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत फंगसचं जाळं आहे का ते तपासा, विशेषतः लेन्स कोकणात किंवा मुंबईत वापरलेली असेल तर. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडकते का ते बघा, आणि २.८ वर काढलेला फोटो दुकानातच लॅपटॉपवर मोठा करून चारही कोपरे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.